७३२५ क्रमांकाची ओळ : व्यापार-मॉडेलमधील एक चूक आणि उद्यमबागेतील एक फौंड्री

पार्श्वभूमी

स्वच्छ ऊर्जा तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे मॉडेल करणाऱ्या एका संशोधन गटात मी विश्लेषक आहे. गटातील इतर सहकारी दिल्लीत आणि युरोपात बसतात. मी २०२१ पासून बेळगावात, टिळकवाडीतील घरातून काम करतो. सौर पॅनेल, पवनचक्क्या, लिथियम-आयन बॅटऱ्या, इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र) आणि हीट पंप या पाच वस्तू कोठे बनतात, कोठे जातात आणि एखाद्या देशाने कर किंवा अनुदान बदलले की हा प्रवाह कोणीकडे वळतो, याचा २०३५ पर्यंतचा अंदाज आम्ही बांधतो. पुढे मांडलेल्या प्रकरणात माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि त्या चुकीची झळ आमच्या गटाबाहेरच्या एका माणसाला बसली. माणसे व कारखाने ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. चुकीचा तपशील मात्र आहे तसाच ठेवला आहे.

या कामाचा पाया सीमाशुल्काचे कोड हा असतो. जगभर सहा आकड्यांपर्यंत हे कोड सारखे असतात आणि त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. अडचण अशी की, हे कोड कर गोळा करण्यासाठी तयार झाले. ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांची सोय त्यात कोणी पाहिलेली नाही. सौर सेल, सौर पॅनेल आणि दिव्यांतले एलईडी २०२१ च्या अखेरपर्यंत ८५४१.४० या एकाच कोडाखाली नांदत होते. १ जानेवारी २०२२ पासून सेलसाठी ८५४१.४२ आणि पॅनेलसाठी ८५४१.४३ असे वेगळे कोड आले, तेव्हा कुठे सहा आकड्यांच्या पातळीवर ही भेसळ सुटली. पवनचक्कीची स्थिती अजूनही सुधारलेली नाही. संपूर्ण संचाला ८५०२.३१ हा कोड आहे खरा, पण पवनचक्की अखंड अशी क्वचितच जहाजात चढते. मनोरा ७३०८.२० मध्ये जातो, गिअरबॉक्स ८४८३.४० मध्ये, गिअरबॉक्सचे भाग ८४८३.९० मध्ये आणि जनरेटरचे भाग ८५०३ मध्ये. कच्चे ओतीव भाग, म्हणजे मशीनिंग न झालेले बीड (ओतीव लोखंड), बहुधा ७३२५ मध्ये दाखवले जातात. कोणत्या कोडातील किती हिस्सा कोणत्या तंत्रज्ञानाचा धरायचा, हे ठरवणाऱ्या तक्त्याला आम्ही जोडतक्ता म्हणतो. पवनचक्कीचा जोडतक्ता माझ्याकडे होता.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पॅटर्न मिस्त्री होते; पॅटर्न म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. बीड थंड होताना शंभरास एक या प्रमाणात आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापाहून तेवढा मोठा करावा लागतो, हे मी शाळेत असताना त्यांच्या खास पट्टीवरून शिकलो होतो; त्या पट्टीवरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब असे. ते ज्यांच्याकडे नोकरीला होते त्या फौंड्रीमालकांना मी लहानपणापासून काका म्हणतो. त्यांच्याकडे विजेवर चालणाऱ्या दोन इंडक्शन भट्ट्या आहेत. पंपाच्या आणि मोटरच्या बॉडी, व्हॉल्व्हचे भाग आणि अलीकडे पवनचक्कीच्या गिअरबॉक्सला लागणारे लहान ओतीव भाग ते करतात. मोठ्या पवनचक्कीचा हब, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, वीस टनांच्या पुढे जातो आणि तसले काम त्यांच्या आवाक्यातले नाही. पण काही शे किलोंचे एस.जी. आयर्नचे (चिवट जातीच्या बिडाचे) भाग ते सहज ओततात.

चूक कशी घडली

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या गटाकडे एक प्रश्न आला : युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा, जिला उद्योगात सर्रास सीबॅम म्हणतात आणि जी आयात माल बनताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावते, भारताच्या स्वच्छ ऊर्जा वस्तूंच्या निर्यातीवर काय परिणाम होईल? या यंत्रणेत १ ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत केवळ माहिती द्यायची होती. प्रत्यक्ष आकारणी १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर. सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज एवढ्याच गोष्टी तिच्या कक्षेत आहेत. पवनचक्कीत लोखंड-पोलाद भरपूर असल्याने परिणाम तिथेच मोठा दिसेल, असे आम्ही सगळेच गृहीत धरून चाललो होतो.

हजारो कोडांच्या यादीत कर लागू आहे की नाही याची खूण भरण्यासाठी मी एक सोपा नियम लिहिला : पहिले दोन आकडे ७२ किंवा ७३ असतील तर खूण १, नसतील तर ०. मनात असे होते की हा तात्पुरता नियम आहे आणि यंत्रणेच्या कायद्यातील कोडांच्या यादीशी, म्हणजे मूळ परिशिष्टाशी, ताडून नंतर बदलता येईल. ते नंतर आलेच नाही, कारण त्याच आठवड्यात बॅटरीच्या आकडेवारीत मोठा घोळ निघाला आणि सगळे तिकडे धावले.

त्या नियमावर दुसरी चूक चढली. ओतीव भागांच्या उत्सर्जनासाठी मी भारतीय पोलादाची राष्ट्रीय सरासरी घातली, म्हणजे टनामागे सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड. ही सरासरी प्रामुख्याने झोतभट्टीच्या आणि कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या पोलादाची आहे. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीशी तिचा संबंध नाही. लोखंड-पोलादावर ही यंत्रणा फक्त प्रत्यक्ष उत्सर्जन मोजते, विजेमागचे मोजत नाही, आणि भंगाराचे उत्सर्जन शून्य धरते. पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड) वापरले तर तेवढे मात्र हिशेबात येते. तेव्हा काकांचा माल कक्षेत असता तरीही त्याच्यावरचा बोजा मी धरला होता त्याच्या जवळपासही गेला नसता. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीची गोष्ट निराळी. पण उद्यमबागेत किती ठिकाणी काय चालते हे विचारायला मला घरापासून स्कूटरवर जेमतेम दहा मिनिटे लागतात, आणि मी गेलो नव्हतो.

या दोन चुका मिळून काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने दिसेल. युरोपातील कार्बनचा दर टनाला ८० युरो धरा. २०३० मध्ये आकारणीचा हिस्सा ४८.५ टक्के ठरलेला आहे (२०२६ मध्ये तो केवळ २.५ टक्के असून २०३४ मध्ये १०० टक्के होतो). मानकांप्रमाणे होणाऱ्या वजावटीची गुंतागुंत बाजूला ठेवून ढोबळ गुणाकार केला, तर २.५ गुणिले ८० गुणिले ०.४८५, म्हणजे टनामागे ९७ युरो. ओतीव मालाच्या धंद्यात टनामागे ९७ युरोंनी सौदे मोडतात. शिवाय, एका देशाचा माल महागला की ग्राहक किती चटकन दुसऱ्या देशाकडे वळतो हे सांगणारा गुणांकही आम्ही चढाच घेतला होता. परिणामी २०३५ च्या नकाशात भारतातून युरोपला जाणारी ओतीव भागांची रेघ पार बारीक झाली. सगळ्यांना ती पटली. माझ्या अनुभवात असे पटणारे निकालच सगळ्यात कमी तपासले जातात.

चौकशीपत्र

२७ ऑगस्ट २०२५ रोजी गणेशचतुर्थी होती आणि भारतीय मालावरचा अमेरिकेचा वाढीव कर ५० टक्क्यांवर नेणारा आदेशही त्याच दिवशी लागू झाला. दुपारी काका आमच्याकडे गणपतीच्या दर्शनाला आले तेव्हा हातात कुंद्याचा डबा होता, पण चित्त आरतीत नव्हते. त्यांचा एक अमेरिकन ग्राहक ऑर्डर पुढे ढकला म्हणू लागला होता आणि युरोपातील एका गिअरबॉक्स उत्पादकाकडून नुकतेच चौकशीपत्र आले होते. पानावर बसताना त्यांनी मला विचारले, "युरोपचं कसं रे? तू तेच बघतोस नव्हं?"

या प्रकरणातील पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि तो जेवताना आला म्हणून मला तो निर्णय वाटलाच नाही. मसुद्यातील निकाल डोक्यात ताजा होता. मी म्हणालो की, जानेवारीपासून तिकडे कार्बनचा कर सुरू होतो आहे, ओतीव मालाला तो जाचेल, तेव्हा भाव देताना जपून. तो मसुदा होता, कोणी तपासलेला नव्हता आणि तो बाहेर सांगण्याची मला मुभाही नव्हती. यांपैकी एकही गोष्ट मी बोललो नाही. काकांनी मान डोलावली आणि पुरणपोळी दुमडली.

त्यांनी केले ते असे. चौकशीपत्राला उत्तर देताना भावात टनामागे शंभर युरोंची वेगळी ओळ घातली आणि तिला कार्बन शुल्क असे नाव दिले. शिवाय उत्सर्जनाचा हिशेब करून देणाऱ्या एका सल्लागाराला आगाऊ रक्कम दिली. नवरात्रात खरेदीदाराचे दोन ओळींचे उत्तर आले : तुमच्या मालाचा कोड ७३२५ आहे, तो कोड यंत्रणेच्या यादीत नाही, आणि असता तरी ही रक्कम आयातदाराने भरायची असते, विक्रेत्याने भावात लावायची नसते, तेव्हा हे शुल्क कशाचे?

काकांनी तो ई-मेल मला पाठवला आणि मागोमाग फोन केला. "तू सांगितलास म्हणून मी लावलो की," एवढेच ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता आणि मला तेच जड गेले.

मी परिशिष्ट उघडले. ७३ व्या प्रकरणातील, म्हणजे ७३ ने सुरू होणारे, ७३०१ ते ७३११, ७३१८ आणि ७३२६ हे कोड यादीत आहेत, ७३२५ नाही. म्हणजे घडीव आणि इतर पोलादी वस्तूंचा ७३२६ आत आणि शेजारचा ओतीव वस्तूंचा ७३२५ बाहेर. ८५०३ आणि ८४८३ तर ७३ व्या प्रकरणातच नाहीत. पंचवीस सेकंदांत दिसणारी गोष्ट तीन महिने आमच्या मॉडेलमध्ये उलटी बसली होती.

कोणते पर्याय होते

अहवाल दिवाळीआधी द्यायचा होता आणि हातात तीन आठवडे उरले होते. त्या संध्याकाळी मी कागदावर पर्याय लिहिले. त्यातला पहिला, म्हणजे काहीही न करणे, मी लिहून लगेच खोडला. पण तो मनात आला होता हे नोंदवून ठेवतो. एकूण निकालात ओतीव भागांचा वाटा लहान होता आणि कोणाच्या लक्षात आले नसते.

दुसरा पर्याय खूण दुरुस्त करण्याचा : ७३२५ समोर १ च्या जागी ० लिहायचा, मॉडेल पुन्हा चालवायचे आणि आकृत्या बदलायच्या. काम एका दिवसाचे. पण त्याने फक्त सापडलेली चूक सुटणार होती. ७३२५ मधील किती हिस्सा पवनचक्कीचा, हा आमचा आकडा एका जुन्या अभ्यासातून उचललेला होता आणि खुणेची चूक निघाल्यावर त्या आकड्यावरचाही माझा विश्वास उडाला होता.

तिसरा पर्याय आमच्या एका युरोपीय सहकाऱ्याने सुचवला : ओतीव भाग पवनचक्कीतून काढूनच टाकायचे आणि मनोरे, पाती व पूर्ण संच एवढ्यांवर अहवाल ठेवायचा. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण उरलेले कोड तुलनेने स्वच्छ आहेत. पण मग भारताच्या निर्यातीतील जो भाग कोल्हापूर, बेळगाव, कोइमतूर, राजकोट अशा गावांतून निघतो, तोच चित्रातून नाहीसा होतो. आकडे नीट नाहीत म्हणून माणसे वगळायची, हे मला मान्य नव्हते. माझे मत इथे तटस्थ नाही हेही मी त्याला सांगितले.

चौथा पर्याय जोडतक्ता प्रत्यक्ष कागदांवरून पुन्हा बांधण्याचा. म्हणजे निर्यातदारांची शिपिंग बिले (निर्यातीच्या वेळी कस्टमकडे भरलेले कागद) पाहायची, कोणता भाग कोणत्या कोडाखाली जातो ते नोंदवायचे आणि त्यावरून हिस्से ठरवायचे. दोष उघड होता : पाच-सहा कारखाने म्हणजे देश नव्हे, आणि माझ्या ओळखीचे कारखाने म्हणजे तर नमुनाही नव्हे.

काय केले

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या प्रमुख बाईंना फोन करून सगळे सांगितले. त्यात दोन गोष्टी होत्या आणि दुसरी सांगणे अवघड गेले : चूक झाली आहे, आणि चूक आपण शोधलेली नाही, मी मसुदा बाहेर बोललो म्हणून एका खरेदीदाराने ती शोधली आहे. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की मसुद्याबद्दल आपण नंतर बोलू, आधी अहवाल थांबवू या. त्यांनी ज्यांना मसुदा गेला होता त्यांना त्याच दिवशी कळवले की ओतीव भागांचा निकाल मागे घेतला आहे. दुरुस्त आकडा हाती नसताना मागे घेणे योग्य का, यावर गटात वाद झाला. मला आता त्यांचेच बरोबर वाटते.

खूण त्याच दिवशी दुरुस्त केली आणि यादीतील प्रत्येक कोड परिशिष्टाशी एकेक करून ताडला. मग चौथ्या पर्यायातले जेवढे तीन आठवड्यांत बसेल तेवढे करायचे ठरले.

उद्यमबाग आणि मच्छे मिळून सहा कारखान्यांनी कागद दाखवायचे कबूल केले. काकांचा कारखाना त्यात पहिला होता, यावरून त्यांच्याबद्दल काय ते समजावे. परतीचा पाऊस होता. वाटेत मी दोनदा पूर्ण भिजलो. एका कारखान्यातील हिशेबनीस बाईंनी शिपिंग बिलांवर भावाच्या रकान्याएवढी कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली, म्हणजे वजन, कोड आणि वर्णन दिसेल पण भाव दिसणार नाही. ही युक्ती इतकी सोपी होती की पुढच्या सगळ्या ठिकाणी मी स्वतःच तशी पट्टी घेऊन गेलो आणि मग कोणी आढेवेढे घेतले नाहीत.

खरी माहिती मात्र झेरॉक्समध्ये नव्हती, ती फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याच्या, शेडमध्ये होती. ग्राइंडरच्या ठिणग्या पायाशी पडत होत्या आणि खडूने क्रमांक घातलेला माल भिंतीशी रचलेला होता : एका बाजूला पंपाच्या मोटरच्या बॉडी, त्यांच्यावर पंख्यासारख्या फासळ्या; दुसऱ्या बाजूला पवनचक्कीच्या जनरेटरची एंड शील्ड, म्हणजे टोकाची झाकणे, जाड आणि गोल, मध्ये बेअरिंगचे भोक. दोन्ही मशीनिंग होऊन निर्यातीला जाणारे. मी मिस्त्रींना कोड विचारला. ते म्हणाले, "ह्याला बी तोच नंबर, त्याला बी तोच नंबर की." त्यांचे बरोबर होते. ८५०३ हा कोड सहा आकड्यांवर फुटतच नाही. मोटरचे भाग आणि जनरेटरचे भाग त्यात एकत्र असतात. आम्ही ८५०३ चा जो हिस्सा पवनचक्कीच्या नावावर धरला होता, त्यातला बराचसा शेतातल्या विहिरीवर पाणी खेचणाऱ्या मोटरचा असू शकत होता. उलट गिअरबॉक्सचा प्लॅनेट कॅरिअर (आतली फिरती दातेरी चाके धरणारा भाग) एक कारखाना ७३२५ म्हणून पाठवत होता आणि दुसरा, मशीनिंग करत असल्याने, ८४८३.९० म्हणून. कोण काय लिहितो हे न्हावा-शेव्याचा कस्टम एजंट आणि पलीकडचा आयातदार यांच्यात ठरत होते.

यातून एक तांत्रिक बाब उलगडली, जी मला आधीच सुचायला हवी होती. आम्ही बासी (BACI) हा व्यापाराचा आकडेसंच वापरतो. संयुक्त राष्ट्रांकडे देशांनी दिलेल्या आकड्यांत निर्यातदार आणि आयातदार यांच्या नोंदींचा मेळ घालून तो तयार केलेला असतो. पण हा मेळ एकाच कोडाच्या आत बसतो. भारताने ८५०३ म्हणून पाठवलेला माल जर्मनीने ८४८३.९० म्हणून नोंदवला, तर मेळ घालणाऱ्याला एकीकडे निर्यात आहे आणि आयात नाही, दुसरीकडे आयात आहे आणि निर्यात नाही, असे दिसते. हे सरासरीने सुटत नाही. म्हणून दोन्हीकडच्या कच्च्या नोंदी घेऊन आम्ही दर किलोमागचा भाव काढला. नुसते ओतीव बीड, मशीनिंग केलेला भाग आणि तांब्याचे वेटोळे असलेला जनरेटरचा भाग यांच्या किलोमागच्या भावांत इतके अंतर असते की ढोबळ गट आपोआप वेगळे पडतात. सहा कारखान्यांचे कागद हे गट बरोबर पडतात की नाही हे तपासण्यापुरते वापरले, देशाचा हिस्सा ठरवायला नाही. त्यामुळे नमुना लहान असण्याचा दोष गेला नाही, पण त्याच्यावर भार टाकलेला नव्हता.

उत्सर्जनाचे आकडेही बदलले. ओतीव भागांसाठी भंगारावरची इंडक्शन भट्टी आणि कोकवरचा क्युपोला असे दोन मार्ग ठेवले. शेवटी आणखी एक प्रसंग-चित्र घातले : उद्या युरोपने यादी वाढवून ओतीव व तयार भाग आत घेतले तर काय? यावरही वाद झाला, कारण नसलेल्या कराचा परिणाम छापणे म्हणजे तीच चूक दुसऱ्या दाराने आत आणणे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. अखेर ते मूळ निकालातून काढून वेगळ्या प्रकरणात, ठळक इशाऱ्यासह ठेवले.

परिणाम

अहवाल दिवाळीनंतर दहा दिवसांनी गेला. ओतीव भागांची बारीक झालेली रेघ मूळ चित्रात जवळपास पूर्वपदावर आली. कराचा खरा फटका दिसला तो मनोऱ्यांच्या ७३०८ मध्ये. तो कोड यादीत आहे आणि तिथे जाड पोलादी पत्रा असल्याने झोतभट्टीचे उत्सर्जनही खरोखरच मोजावे लागते. म्हणजे पहिल्या मसुद्यात बोजा चुकीच्या माणसांच्या डोक्यावर दाखवला गेला होता. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपने नियम सोपे करताना वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना सूट दिली. हा उंबरठा आयातदाराच्या एकूण वजनावर आहे, निर्यातदाराच्या नाही, हे आम्ही अहवालात दोनदा लिहिले; कारण बेळगावातच दोघांनी मला "आमचा माल चाळीस टनच जातो, म्हणजे सुटलो," असे सांगितले होते. डिसेंबरमध्ये युरोपीय आयोगाने पोलाद व अ‍ॅल्युमिनियमच्या पुढच्या तयार वस्तूही कक्षेत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि वेगळ्या ठेवलेल्या त्या प्रसंग-चित्राकडे लोक वळले.

काकांना ती ऑर्डर मिळाली नाही. शंभर युरोंची ओळ काढून त्यांनी नवा भाव दिला. पण तोवर खरेदीदाराने दुसरीकडे बोलणे केले होते, आणि ती ओळ नसती तर ऑर्डर मिळाली असती का हे कोणीच सांगू शकत नाही. सल्लागाराला दिलेले पैसे मात्र अगदी वाया गेले नाहीत : जानेवारीत दुसऱ्या एका युरोपीय ग्राहकाने नमुन्याच्या मालाबरोबर किलोमागच्या उत्सर्जनाचा आकडा मागितला. कायद्याने नव्हे, स्वतःच्या कंपनीच्या धोरणाने. तो आकडा काकांकडे तयार होता. याचे श्रेय मला घेता येत नाही.

गटात माझ्यावर कारवाई झाली नाही. मसुद्यातील निकाल बाहेर बोलू नये असा नियम लेखी झाला. तो माझ्यामुळे झाला हे सगळ्यांना माहीत आहे.

पुन्हा करायचे झाले तर

दोन आकड्यांचा नियम लिहिण्यात मला आजही चूक दिसत नाही. मोठ्या यादीवर काम सुरू करताना असे काहीतरी लिहावेच लागते. चूक ही की, नियमाने भरलेली खूण आणि परिशिष्टाशी ताडून भरलेली खूण तक्त्यात सारखीच दिसत होती. आता जोडतक्त्यात प्रत्येक ओळीपुढे एक जादा रकाना आहे : हा आकडा कोणी, कोणत्या कागदावरून तपासला. तो रकाना रिकामा असेल तर ती ओळ आकृतीत फिकट रंगात छापली जाते. फिकट आकृती पाहून वरिष्ठ नाराज होतात, पण तेवढ्याने का होईना प्रश्न विचारले जातात.

काकांना त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवे होते, यावर मी बराच विचार केला. गप्प बसणे हे नियमाने बरोबर ठरले असते, परंतु घरी आलेल्या माणसाला, ज्याच्या पगारावर आपण शिकलो, "मला सांगता येत नाही" असे म्हणून ताट पुढे करणे मला जमले नसते. मात्र मी एक प्रश्न विचारू शकलो असतो : शिपिंग बिलावर कोड काय लिहिता? त्यांनी ७३२५ म्हटले असते, मी तो परिशिष्टात पाहिला असता, आणि त्यांचा भाव व आमचा मसुदा दोन्ही त्या दुपारीच सुधारले असते. मॉडेलचा निकाल देशाच्या पातळीवरचा आहे आणि त्यांचा प्रश्न एका मालाच्या एका कोडाचा आहे, हा फरक मला माहीत होता. पुरणपोळीपुढे तो आठवला नाही.

कागदांवर लवकर जायला हवे होते हेही खरे. पण उन्हाळ्यातच गेलो असतो तर काय शोधायचे हे मला कळले असते का, याची खात्री नाही. चुकीच्या निकालानेच फेटलिंग शेडमध्ये कोणता प्रश्न विचारायचा ते शिकवले. सहा कारखाने कमी आहेत. यंदा कोल्हापूरच्या शिरोलीतील काही जणांशी बोलणे झाले आहे, आणि तिथले कागद बेळगावपेक्षा वेगळे निघाले तर किलोमागच्या भावाचे गट पुन्हा पाडावे लागतील.

काका आता नवीन भाग हाती आला की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "नंबर?" मी दर वेळी त्यांना कस्टम एजंटला विचारायला सांगतो आणि मग स्वतःही यादी उघडून बघतो. मागच्या आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टरच्या बिडाच्या पेटीचा फोटो पाठवला होता. इन्व्हर्टर स्वतः ८५०४.४० मध्ये जातो, ज्यात सौर इन्व्हर्टरबरोबर मोबाईलचे चार्जरही असतात. आमच्या जोडतक्त्यात त्या ओळीपुढचा रकाना अजून रिकामा आहे.